खेळ बनवायला शिकवू, पण मला तो बनवता कुठे येतो?

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ४७ वर्षांच्या, तिथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल. दिवाळीच्या सुट्टीत ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी पटावरचे आणि पत्त्यांचे खेळ तयार करायला शिकवणारा आठ दिवसांचा प्राथमिक वर्ग घ्यायचा, असं वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने ठरवलं आणि काम ताईंवर सोपवलं. त्या लिहितात, ‘मला मेंढीकोट चांगला येतो, कवड्यांचे खेळ आजीकडून शिकले, भाच्याने पुण्याहून आणलेले दोन-तीन नवे खेळही आम्ही घरी खेळतो. पण खेळ तयार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला ठाऊक नाही. चित्रकला बेताचीच. मंडळाला ज्ञानवर्धक खेळ हवे आहेत, म्हणजे जिल्ह्याच्या इतिहासावर आणि थोर व्यक्तींवर प्रश्न विचारणारे. शेवटच्या दिवशी सुबक, छापील खेळांचं प्रदर्शन आणि जमलं तर विक्री. इकडे मुलं दिवसभर मोबाइलवर फ्री फायर खेळतात, त्यांना पुठ्ठ्याच्या खेळात काय रस वाटणार? एका वडिलांनी तर नाव नोंदवतानाच विचारलं, यातून पुढे काय? मी नाही म्हणू, बाहेरून तज्ज्ञ बोलावू, की जमेल तसं निभावून नेऊ?’

प्रिय ताई,

वर्ग तुम्हीच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त मंडळाने आखून दिला आहे तसा घेऊ नका. सविस्तर लिहिते, कारण अशीच पत्रं शाळेतल्या शिक्षकांकडून आणि सोसायटीत सुट्टीचे उपक्रम घेणाऱ्या आयांकडूनही येतात, आणि बहुतेकांची गाडी याच दोन-तीन ठिकाणी अडते.

आधी ‘मला खेळ बनवता येत नाही’ हे तपासून बघू. तुम्ही मेंढीकोट खेळता. काही घरांत हुकमाचं पान सुरुवातीलाच पालथं घालून ठेवतात. काही घरांत ज्याच्या हातातला रंग आधी संपतो, त्याने टाकलेल्या पानाचा हुकूम होतो. तुम्ही दोन्ही तऱ्हांनी खेळला असाल. पहिल्या तऱ्हेत एकालाच गुपित ठाऊक असतं आणि बाकीचे ते ताडायचा प्रयत्न करतात. दुसऱ्या तऱ्हेत एखादा रंग मुद्दाम लवकर संपवायची चढाओढ लागते. पत्ते तेच, माणसं तीच, दश्श्याही चारच. एक नियम बदलला आणि चौघांचं वागणं बदललं. हे ज्याला दिसतं, त्याला मुलांना पहिला धडा देता येतो. पाचवा भिडू आला तर कोणते पत्ते काढायचे, लहान मुलाला कच्चा लिंबू म्हणून कसं सामावून घ्यायचं, हे प्रश्न तुमच्या घरात कितीतरी वेळा सुटले असतील. खेळ रचणारे लोक हेच करतात, फक्त जास्त चिकाटीने आणि वहीत नोंदी ठेवून.

तुमच्याकडे आणखी एक जमेची बाजू आहे, जी बाहेरच्या तज्ज्ञाकडे नसेल. कोणतं मूल कोणतं पुस्तक नेतं, कोण चार लोकांत बोलायला लाजतं, कोण हरलं की रडतं, हे तुम्ही रोज बघता. तज्ज्ञाला जरूर बोलवा, पण एक दिवसासाठी आणि मुलांचे अर्धवट खेळ खेळायला. आठ दिवस व्याख्यानं झाली तर मुलं खेळांविषयी पुष्कळ ऐकतील आणि एकही खेळ करणार नाहीत.

तरीही मंडळाला होकार कळवण्याआधी एका रविवारी गल्लीतली चार मुलं घेऊन बसा. साहित्य एक सापशिडी आणि दोन फासे. एवढ्यावर दीड तास कसा जातो बघा. तो तुम्हाला आवडला तर वर्ग घ्या, नाही आवडला तर निःसंकोच नकार द्या.

त्या दीड तासात काय करायचं ते सांगते, कारण वर्गाचा पहिला दिवसही तोच असावा असं मला वाटतं. मुलांना सापशिडीचा एक डाव खेळू द्या आणि मग प्रत्येकाला विचारा, ‘या डावात तू काय ठरवलंस?’ मुलं थोडी गोंधळतील, कारण उत्तर आहे, काहीच नाही. फासा पडला तसं गेलो. आपल्याकडच्या जुन्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप होते. मराठी परंपरा त्या पटाचं नातं ज्ञानेश्वरांशी सांगते. दान पडेल तसं जायचं, हे त्या पटाच्या शिकवणुकीला शोभत होतं. आता मुलांना म्हणा, फासे दोन टाका आणि त्यातला कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा. एवढाच बदल. पुढच्या डावात मुलं बोटाने घरं मोजू लागतील, तीन घेतले तर साप, पाच घेतले तर शिडीच्या एक घर आधी, असे हिशेब करू लागतील. मग प्रत्येकाला दोन-दोन सोंगट्या द्या. मग एका घरात दुसरा आला तर काय, हे त्यांनाच ठरवू द्या. इथे वाद होतील, आणि ते व्हायला हवेत. फक्त एक शिस्त पहिल्या दिवसापासून ठेवा. एका वेळी एकच नियम बदलायचा, पूर्ण डाव खेळायचा, मग पुढचा. तीन नियम एकदम बदलले की डाव कशामुळे सुधारला किंवा बिघडला, ते कुणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी चिंचोके आणा. चार चिंचोके मधोमध फोडून आपण पूर्वी दान टाकायचो, तसे. एक बाजू पांढरी, एक काळी. प्रत्येक जोडीने शंभर वेळा दान टाकायचं आणि किती पांढरे पडले याची वहीत रेघोट्या मारून नोंद करायची. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर सोळातल्या सहा वेळा दोन पांढरे पडावेत, चार वेळा एक, चार वेळा तीन, आणि चारही पांढरे किंवा चारही काळे सोळातून एकेकदाच. चिंचोके इतके नेमाने पडत नाहीत, म्हणून मुलांची वही आणि हा हिशेब यांत फरक निघेल, तोही बोलायला चांगला विषय आहे. यानंतर पाच बाय पाच घरांचा पट मांडा, ज्याला कुणी अष्टचम्मा म्हणतं, कुणी चल्लस आठ, कुणी आणखी काही. त्यात चारही उताणे पडले की चार आणि चारही पालथे पडले की आठ, वर पुन्हा दान. जे क्वचित पडतं त्याला घसघशीत बक्षीस, हे कुणीतरी पूर्वी अनुभवाने ताडून ठरवलेलं आहे. मुलांना आपल्या वहीतून ते दिसलं की गणिताच्या तासाला जे शंभर वेळा सांगून कळत नाही ते कळतं. पट खडूने फरशीवरच आखा. आपल्या लोकांनी तो दगडात, पायऱ्यांवर, ओट्यांवर कोरून ठेवला आहे, कागदाची वाट बघितली नाही.

गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाचाही एक धडा इथे घेता येईल, पण वेळ असेल तर. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पानं असतात, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. गंमत अशी की राजा आणि प्रधान सोडले तर पाच रंगांत दश्शी सर्वांत मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का. मुलांना नेहमीच्या पत्त्यांनीच खेळू द्या, फक्त लाल रंगांत उलटा क्रम लावा. कोणते पत्ते ‘चांगले’ याची त्यांची सगळी समजूत हलते.

आता मंडळाच्या ज्ञानवर्धक खेळांकडे येते, कारण तुमचा खरा पेच मला इथे दिसतो. पत्त्यावर प्रश्न, बरोबर उत्तर दिलं तर दोन घरं पुढे, चुकलं तर एक घर मागे. असे खेळ मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यात ज्याला आधीच येतं तो जिंकतो, ज्याला येत नाही तो दर वेळी सगळ्यांसमोर मागे जातो, आणि पत्ते एकदा पाठ झाले की खेळ संपला. मुलांच्या दृष्टीने ती रंगीत चाचणी परीक्षा असते. मंडळाचा हेतू चांगला आहे, त्याचा मान ठेवा, पण मार्ग दुसरा सुचवा. त्यासाठी त्यांना एक खरी गोष्ट सांगा. १९०४ साली अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी ‘द लँडलॉर्ड्स गेम’ नावाच्या खेळाचं पेटंट घेतलं. जमिनीची मालकी थोड्यांच्या हातात गेली की बाकीचे भाडं भरून खंक होतात, हा हेन्री जॉर्ज या अमेरिकन अर्थविचारवंताचा विचार त्यांना लोकांपर्यंत पोचवायचा होता. त्यांनी प्रश्नोत्तरांवर भिस्त ठेवली नाही. खेळणाऱ्याने भाडं भरत भरत स्वतःच कंगाल व्हावं आणि चिडून विचारावं की हे असं का, अशी नियमांची मांडणी केली. त्याच खेळातून पुढे मोनोपॉली निघाला, जो पार्कर ब्रदर्सने १९३५ मध्ये बाजारात आणला, आणि आपल्या घरोघरी सुट्टीत मांडला जाणारा ‘व्यापार’ही त्याच कुळातला. मॅगीबाईंचा विचार बाजूला पडून लोकांना इतरांचं दिवाळं काढायची मजाच जास्त भावली, हेही मुलांशी बोलण्यासारखं आहे. नियम काय शिकवतील यावर रचणाऱ्याचा पूर्ण ताबा राहत नाही.

तुमच्या भागाचंच उदाहरण घेऊ. तुमच्याकडच्या मुलांना टँकर माहीत आहे, बोअर आटणं माहीत आहे. मधोमध एक वाटी ठेवा, ती सगळ्यांची विहीर. तिच्यात ४० चिंचोके. चार शेतकरी. दर फेरीला प्रत्येकाने मूठ झाकून ठरवायचं, ऊस की ज्वारी, आणि एकदम उघडायचं. उसाने वाटीतले तीन चिंचोके जातात आणि चार रुपये मिळतात, ज्वारीने एक जातो आणि दोन रुपये मिळतात. फेरी संपली की पावसाचा फासा टाकायचा, पडेल तितके चिंचोके वाटीत परत. दहा फेऱ्या, किंवा वाटी रिकामी होईपर्यंत. चौघांनी ऊस लावला तर दर फेरीला बारा जातात आणि पावसाचे सरासरी साडेतीन येतात, म्हणजे पाचव्या फेरीला विहिरीत पुरेसं उरत नाही आणि प्रत्येकाच्या हाती सोळा रुपये. चौघांनी ज्वारी लावली तर चार जातात, साडेतीन येतात, विहीर जवळपास तशीच राहते आणि दहा फेऱ्यांत प्रत्येकाला वीस. पण तिघं ज्वारीवर असताना एकट्याने ऊस लावला तर त्याला चाळीस. मग दुसरा का थांबेल? पाण्याच्या वाटणीवर कितीही प्रश्नपत्रिका दिल्या तरी जे अंगाला लागणार नाही, ते इथे चौथ्या फेरीला भांडणाच्या रूपाने बाहेर पडतं. आंध्र प्रदेशातल्या गावांत शेतकऱ्यांबरोबर भूजलावरचा अशाच धाटणीचा खेळ खेळला गेला आहे, कोणतं पीक घेतलं की पाण्याची पातळी कुठे जाते ते त्यांना एकत्र बसून बघता यावं म्हणून.

हा खेळ मी मुद्दाम एका उणिवेसह दिला आहे. विहीर आटली की खेळ संपतो, म्हणून जो पुढे आहे त्याला ती लवकर आटवण्यातच फायदा आहे. मुलं हे दोन-तीन डावांत शोधतील. त्यांनी शोधलं की उत्तर देऊ नका, ‘मग काय करू या?’ एवढंच विचारा. कुणी म्हणेल, आटली तर सगळेच हरले. कुणी म्हणेल, रुपये निम्मे करा. कुणी गावसभा भरवेल. तिन्ही खेळून बघायचे. ताई, तुमचा वर्ग या क्षणासाठी आहे.

मंडळाला इतिहासच हवा असेल तर १९४३ ते १९४६ चं प्रतिसरकार घ्या, ज्याचं क्षेत्र तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीतही होतं. नाना पाटलांच्या जन्मसालाचा प्रश्न पत्त्यावर छापायची गरज नाही. गावांचे गोल आणि पायवाटांच्या रेघा काढा. एक भिडू पोलीस, तिघं भूमिगत. भूमिगतांनी आपण कोणत्या गावी आहोत ते कागदावर लपवून लिहायचं, दर तीन फेऱ्यांनी एकदाच उघड करायचं. ज्या गावाने आसरा दिला त्याच्यावर धोक्याची सोंगटी चढते. गावाने आसरा देण्याची किंमत काय होती, हा इतिहास मुलांना त्या सोंगट्यांवरून कळेल, आणि मग ती तुमच्याकडे येऊन त्या काळावरचं पुस्तक मागतील.

तिसरी गोष्ट सुबकपणाची. यात मी थोडी आग्रही आहे. पहिले सहा दिवस रंगपेटी कपाटात ठेवा. ज्या मुलाने दोन दिवस खपून पटावर किल्ला रंगवला, त्याला तिसऱ्या दिवशी ‘ही घरं जास्त झाली, निम्मी कर’ म्हणून सांगितलं तर त्याचं मन होत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. पेन्सिलीने आखलेला पट तो हसत खोडेल. साहित्य म्हणून लग्नपत्रिकांचा जाड कोरा भाग, चिंचोके, बटणं, कवड्या, रेघांचे कागद, दोन-चार जुने पत्त्यांचे कॅट. ज्यांना चित्र जमत नाही त्यांना यामुळे सुरुवातीलाच बाजूला पडल्यासारखं वाटत नाही, आणि तुमच्या चित्रकलेचा प्रश्नही सुटतो. सातव्या दिवशी, खेळ ठरल्यावर, रंग काढा. छापायचंच असेल तर नेहमीच्या पत्त्याचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर असतं आणि ए-फोर कागदावर तीन-तीनच्या ओळींत नऊ पत्ते बसतात. जाडी तीनशे जीएसएम मागा. एवढं गावातल्या झेरॉक्सवाल्यालाही सांगता येतं. रंगांबरोबर प्रत्येक सोंगटीला किंवा पत्त्याला एखादी खूणही असू द्या, म्हणजे हिरवा-लाल फरक ज्यांना दिसत नाही त्यांनाही खेळता येईल.

आता तिसऱ्या दिवसापासून सहाव्यापर्यंतचं. मुलांच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीने त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत काहीतरी खेळण्याजोगं उभं करायचं, कितीही कच्चं असो, आणि दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या जोडीने खेळायचं. बनवणारे शेजारी बसतील, पण बोलणार नाहीत. ही अट मुलांना फार जड जाते. समोरचा चुकीची सोंगटी हलवतो आणि बनवणाऱ्याचा जीव तुटतो, ‘तसं नाही रे!’ ओठांवर येतं. त्या वेळी त्यांच्या हातात वही द्या आणि समोरचा कुठे अडला तेवढं लिहायला सांगा. डाव संपल्यावर ‘आवडला का?’ हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही. आपली मुलं मैत्रीखातर ‘छान आहे’ म्हणतात किंवा चेष्टा करतात, आणि दोन्हींतून काही कळत नाही. त्याऐवजी विचारा, पाळी येईपर्यंत कधी कंटाळा आला? कोणता नियम विसरायला झाला? कधी वाटलं की आता आपण डोकं चालवलं? शेवटी कोण जिंकणार हे किती आधी कळून चुकलं? हे चार प्रश्न भिंतीवर लिहून ठेवा. यातला शेवटचा फार कामाचा असतो. मुलांचे बहुतेक पहिले खेळ अर्ध्यातच निकाली निघतात आणि तरी चालूच राहतात.

रडारड होईल. आपला खेळ कुणाला कळला नाही म्हणून एखादी मुलगी हिरमुसेल. तिला समजावण्यापेक्षा तिच्याबरोबर बसून वहीतली एकच नोंद निवडा आणि लगेच तो नियम बदलून तुम्ही स्वतः तिच्याशी एक डाव खेळा. दुरुस्ती पाच मिनिटांत होते हे एकदा अनुभवलं की टीकेची धास्ती कमी होते.

फ्री फायरवर राग धरू नका. मुलांना विचारा, त्यातलं सर्वांत भारी काय? बरीच मुलं सांगतील, सुरक्षित जागा लहान होत जाते आणि सगळे जवळ येतात. मग म्हणा, करून दाखवा फरशीवर. सात बाय सात घरांचा पट, दर चार फेऱ्यांनी बाहेरची घरं खडूने खोडायची, आत पळायचं. मोबाइलमधली युक्ती खडूने उतरवता येते हे कळणं मला फार मोलाचं वाटतं. त्यानंतर ते मूल मोबाइलवरचा खेळही वेगळ्या नजरेने बघू लागतं. पुढची लूट पाच मिनिटांनी का येते, हरल्यावर लगेच दुसरा डाव का सुरू होतो, हे प्रश्न त्याला आपसूक पडतात.

सातव्या दिवशी नियम लिहायचे. ग्रंथपाल म्हणून तुम्ही इथे सर्वांत जास्त देऊ शकता. एका पानात, मराठीत, असं लिहायचं की बनवणारी जोडी बाहेर व्हरांड्यात गेली तरी आतल्यांना खेळता आलं पाहिजे. ‘मग तो जातो’ असं लिहिलं तर आतून प्रश्न येणार, तो म्हणजे कोण? कुठे जातो? कधी? मंडळातल्या ज्येष्ठांना मुलांचं मराठी सुधारावं असं वाटत असेल, आणि बहुधा वाटत असणारच, तर त्यांना हे पान दाखवा. निबंधात ‘सूर्य पश्चिमेला कलला होता’ लिहून चालून जातं. इथे एक शब्द मोघम राहिला की समोरचे चौघं अडतात. भाषेचाच खेळ करू पाहणारी एखादी जोडी निघाली तर तिला सांगा, अमेरिकेत आल्फ्रेड बट्स यांनी स्क्रॅबल हा शब्द जुळवायचा खेळ रचताना वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून कोणत्या अक्षराच्या किती सोंगट्या ठेवायच्या ते ठरवलं. तुमच्या वाचनालयात वर्तमानपत्रांना तोटा नाही. एक पान घेऊन मोजा. काना-मात्रा वेगळ्या ठेवायच्या का, जोडाक्षराचं काय करायचं, हे त्या मुलांनी त्यांच्यापुरतं सोडवायचं आहे.

आठव्या दिवशी प्रदर्शन ठेवू नका, खेळायला बोलवा. टेबलांवर पट मांडून पाहुणे नुसते बघत फिरले तर त्यांना चित्रं दिसतील, आणि मुलांनी आठवडाभर जे केलं ते दिसणार नाही. प्रत्येक टेबलापाशी मंडळाच्या एकेका सभासदाला बसवा आणि मुलांच्या नियमांचं पान वाचून त्यांना खेळू द्या. प्रत्येक खेळाशेजारी त्याचे जुने कच्चे पट आणि नोंदींची वहीसुद्धा ठेवा. प्रमाणपत्र सगळ्यांना, क्रमांक कुणालाच नाही.

विक्रीला मात्र या वर्षी स्पष्ट नाही म्हणा, आणि कारण सांगा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणन सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तू यांना त्यातून सूट आहे, वाचनालयाच्या वर्गाला ती लागू होणार नाही. निधीसाठी मुलांचे खेळ वाचनालयात ठेवून सभासदांना बसून खेळू देणं, शनिवारची एक खेळबैठक भरवणं, हे जास्त सोपं आणि टिकणारं आहे.

‘माझी कल्पना त्याने चोरली’ ही तक्रार चौथ्या दिवशी येईल, तेव्हा घाबरू नका. आपल्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही असं स्पष्ट आहे. लिहिलेला मजकूर, काढलेली चित्रं, नाव यांना संरक्षण मिळू शकतं, पण ‘दोन फासे टाकून एक निवडायचा’ हे कुणा एकाचं होत नाही. मुलांना कायदा सांगत बसण्यापेक्षा पानाच्या खाली एक ओळ लिहायची सवय लावा, ‘विहिरीची कल्पना अमुक जोडीच्या खेळातून’. ऋण मान्य केलं की बहुतेक भांडणं तिथेच मिटतात.

राहता राहिले ते वडील. त्यांचा प्रश्न रास्त आहे, त्यांना टोलवू नका आणि खोटं आश्वासनही देऊ नका. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात खेळणी आणि खेळ रचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तेव्हा ही वाट अस्तित्वात आहे हे त्यांना कळू द्या. पण १२ वर्षांच्या मुलासाठी आठ दिवसांचा वर्ग ही त्या वाटेची सुरुवात आहे असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्यांना सांगा, तुमचा मुलगा एक गोष्ट स्वतः करेल, ती दुसऱ्याला कळली नाही तर चिडण्याऐवजी दुरुस्त करेल आणि नेमक्या शब्दांत लिहील. नंतर त्याने काहीही केलं तरी हे लागणारच आहे. आणि शेवटच्या दिवशी त्यांनी दोन तास मोकळे ठेवून यावं, कारण पाचव्या टेबलावर भिडू कमी पडणार आहेत.

मंडळाशी बोलताना सगळं एकदम मांडू नका. आधी तीनच गोष्टी मागा. बारापेक्षा जास्त मुलं नकोत, मदतीला आणखी एक मोठं माणूस हवं, आणि पहिले सहा दिवस रंग-छपाईचा आग्रह नको. या तीन मिळाल्या तर होकार द्या. मुलांची संख्या वाढवायचीच असं मंडळ म्हणालं, तर जास्तीची नावं मे महिन्यातल्या दुसऱ्या वर्गासाठी लिहून घ्या आणि तसं पालकांना आत्ताच कळवा.